हरेश, गेटवर मी होतो

हरेश,

तुझी बातमी मला ड्रॉइंग क्लासच्या ग्रुपवर कळली. 'सर आता नाहीत. क्लास बंद राहील.' एवढंच. रेवानं फोन माझ्या तोंडासमोर धरला आणि विचारलं, "नाहीत म्हणजे बाबा? गावाला गेले?" मी खिडकीकडे बघितलं. आमच्या अकराव्या मजल्यावरून तुझं गाव दिसतं, गावात तुझं घर दिसतं, घरावरची निळी ताडपत्री दिसते. तू आणखी कुठल्या गावाला जाणार होतास?

चार दिवसांचा ताप, असं नंतर कोणी सांगितलं. त्या चार दिवसांत मी दोनदा तुझा नंबर काढला होता. तू आजारी आहेस म्हणून नाही, ते मला माहीतच नव्हतं. आपल्या भांडणाला चार महिने झाले होते आणि मला वाटलं होतं, आता पुरे. पण दोन्ही वेळा मी फोन खाली ठेवला. फोन केला असता तर तू तोच प्रश्न पुन्हा विचारला असतास, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. उत्तर होतं. ते तोंडातून निघत नव्हतं.

आज ते लिहितो आहे. तुझ्यापर्यंत पोचणार नाही हे कळतं. तरी तुलाच लिहितो, कारण हे सगळं दुसऱ्या कोणाला सांगायचं तर आधी झॉम्बी समजावून सांगावे लागतील.

आपली सुरुवात रेवामुळे झाली. तू दर रविवारी आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये मुलांना चित्रकला शिकवायचास. एकदा तू त्यांना सांगितलंस, आपली बिल्डिंग काढा. बाकीच्यांनी बिल्डिंग, झाडं, सूर्य काढला. रेवानं बिल्डिंगभोवती सगळीकडे पाणी काढलं आणि पाण्यात हात वर करून चालणारी हिरवी माणसं. तू विचारलंस, "हे कोण?" ती म्हणाली, "झॉम्बी." "आणि वर खिडकीत?" "आम्ही." तो कागद घेऊन तू अकरा मजले वर आलास. लिफ्ट चालू होती, पण तू जिन्यानं आलास. लिफ्टमध्ये तुझा जीव घुसमटायचा, हे मला पुढे कळलं. दारात धापा टाकत म्हणालास, "दळवी साहेब, तुमच्या मुलीनं पुराचं बरोबर चित्र काढलंय. मला हे पुढं न्यायचंय. तुम्ही लिहिता ना? रेवा सांगत होती."

मी लिहितो म्हणजे काय, तर आमच्या औषध कंपनीच्या दिवाळी अंकात दरवर्षी एक कथा. दिवसभर गोळ्यांच्या पट्ट्या तपासणारा माणूस मी. पण तू पायरीवर बसलास, खिशातून ब्रशपेन काढलंस आणि रेवाच्या कागदाच्या मागच्या बाजूला आमची बिल्डिंग काढलीस. दहा मिनिटांत. प्रत्येक खिडकीत एक चेहरा, आणि प्रत्येक चेहरा घाबरलेला. अख्ख्या तालुक्यात तुझ्या रांगोळीतल्या चेहऱ्यांचं नाव होतं, हे मी ऐकून होतो. जमिनीवर पावडरीनं डोळ्यातलं पाणी दाखवणारा माणूस कागदावर काय करू शकतो ते त्या दिवशी पाहिलं. मी त्याच रात्री आपल्या चित्रकथेचा पहिला भाग लिहून टाकला.

'उरलेल्यांचा बांध.' नाव तुझं. मेलेली माणसं उठतात, वसईपासून विरारपर्यंत सगळी वस्ती त्यांच्या ताब्यात जाते, आणि खाडीकाठची दोनच ठिकाणं उरतात. एक देवीची टेकडी, जिथं गावकरी चढून बसलेत. दुसरा नायगावचा टॉवर, जिथं फ्लॅटवाले दारं लावून बसलेत. मध्ये खाजण. उठलेले चिखलात शिरले की कंबरेपर्यंत रुततात आणि तिथंच हात हलवत राहतात. मी म्हटलं होतं, असं कसं? ते तर मेलेले आहेत, त्यांना चिखलाचं काय? तू म्हणालास, "अरे, जिवंत टॉवरवाल्याला खाजणात चालता येत नाही, मेलेल्याला कुठून येणार?"

टेकडीवर गोडं पाणी, भात आणि होड्या. टॉवरात औषधं, सौर दिवे आणि लांबवर बघता येईल अशी गच्ची. दोघांनाही एकमेकांचं लागतं, दोघांनाही निघून जायला जागा नाही, आणि दोघांमध्ये एकच अरुंद बांध. पहिल्या दोन भागांत ते बांधावर भेटतात, भात देतात, गोळ्या घेतात. मुलांना ते दोन भाग फार आवडले. तू झेरॉक्सच्या दुकानात उभा राहून पानं दुमडायचास, मी पिना मारायचो.

मग तिसरा भाग आला. तू म्हणालास, "आता यांचं भांडण लागलं पाहिजे. कशावरून लागतं ते तू लिही."

आणि मी गेट लिहिलं.

पाणी वाढतं, टेकडीचा रस्ता तुटतो, काही गावकरी म्हाताऱ्या माणसांना आणि गुरांना घेऊन टॉवरच्या गेटशी येतात. गेटवर एक माणूस असतो, त्याच्या हातात किल्ल्या. तो उघडत नाही. म्हणतो, "एकदा उघडलं तर अख्खं गाव येईल."

तू ते पान क्लबहाउसच्या पायरीवर बसून वाचलंस. दोनदा वाचलंस. म्हणालास, "हे वाक्य फार खरं आहे रे. कुठून आणलंस?"

मी म्हटलं, "सुचलं."

तू मान हलवलीस. मग कागद घडी करून खिशात ठेवलास आणि सहज, समोरच्या झाडाबद्दल बोलावं तसं सांगितलंस, "आमच्या बाबांचं असंच झालं. त्या मोठ्या पुरात. इथंच, तुमच्या गेटवर. मी तेव्हा पलीकडच्या आळीत थर्माकोलच्या तराफ्यावरून पोरं काढत होतो. चुलतभाऊ ट्रॅक्टर घेऊन आला होता, ट्रॉलीत आये आणि दोन म्हशी. बाबा खाली पाण्यात उभे राहून गेटवाल्याशी बोलत होते. तीन तास. मग माघारी फिरले, देवळाकडे गेले. एक म्हैस वाटेतच गेली. बाबांना ताप आला तो छातीतच बसला. दिवाळी बघितली नाही त्यांनी." मग तूच मला समजावलंस, "वय झालं होतं. म्हातारा माणूस कशानं जातो ते कोण सांगू शकतं?"

हरेश, तो गेटवाला मी होतो.

त्या वर्षी मी सोसायटीचा सेक्रेटरी होतो. दोन दिवसांपासून वीज नव्हती, खाली पार्किंगमध्ये गळ्याइतकं पाणी, सगळ्यांच्या गाड्या वरच्या मोकळ्या स्लॅबवर आणून ठेवलेल्या. टाकीतलं पाणी मजल्यागणिक बादल्या मोजून देत होतो. सातव्या मजल्यावरच्या एका आजींचा ऑक्सिजन संपत आला होता. सगळे मला फोन करत होते आणि माझ्या फोनची बॅटरी संपत होती. तेवढ्यात वॉचमन धावत आला, "साब, गाँववाले आये हैं, ट्रॅक्टर लेके." मी रॅम्पवरून खाली गेलो. कमिटीतल्या दोघांना मी विचारलं. दोघंही म्हणाले, तू ठरव. मी ठरवलं. ते वाक्य मी वॉचमनला ऐकवलं होतं, पण गेटच्या पलीकडच्यांनीही ऐकलं असणार. किल्ल्या मी त्याच्या हातातून घेतल्या, कारण तो बिहारचा पोरगा रडवेला झाला होता आणि त्यानं उघडलं असतं.

हे मी तू असेपर्यंत कोणालाच सांगितलं नाही. माझ्या बायकोला, मेधालाही, वाटायचं कमिटीनं ठरवलं. तिसऱ्या भागात ते वाक्य मी का लिहिलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. बहुतेक मला वाटलं असेल, असं लिहून टाकलं की मोकळं होता येईल. पण ते पान वाचून तू तुझ्या वडिलांचं सांगितलंस आणि मी कुलूपबंद झालो. आधी सांगितलं असतं तर मी तुझ्या गावाला आत न घेणारा एक माणूस झालो असतो. आता सांगितलं तर तुझ्या बापाला पाण्यात उभा ठेवणारा होणार होतो. आणि तोपर्यंत तू मला 'दळवी साहेब' म्हणायचं सोडून 'दळव्या' म्हणायला लागला होतास.

पुढची दोन वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली होती, आणि मी ती हे लपवून ठेवत जगलो. दोन्ही एकाच वेळी खरं आहे.

पाचूबंदरचा तो दिवस आठवतो? पाचव्या भागात समुद्रावरून येणारी होडी हवी होती म्हणून आपण धक्क्यावर गेलो. लिलाव चालू होता. एक मावशी पाट्यांपाशी बसून बोंबील निवडत होत्या. त्यांच्यापुढे उकिडवा बसून तू म्हणालास, "मावशी, जरा मेलेल्या बाईसारखं तोंड करा ना, मला चित्र काढायचंय." मी दहा पावलं मागे सरलो. मावशींनी तुझ्या सात पिढ्या उद्धारल्या. "मेली तुझी सासू! चांगल्या कामाला बसलेल्या बाईला मेली म्हनतंस?" तू हसत तिथंच बसून राहिलास. पाच मिनिटांनी त्यांनी स्वतःच डोळे पांढरे केले, जीभ बाहेर काढली, हात लोंबते सोडले, आणि अख्खा धक्का हसायला लागला. आपल्या पाचव्या भागातली ती बाई बघून रेवा आठवडाभर एकटी झोपली नाही. मी त्या दिवशी तुझा एक फोटो काढला होता, हसताना. तुझ्या उत्तरकार्याच्या मंडपात हार घालून ठेवला होता तो तोच.

मी कथा लिहायचो आणि तू ती बिघडवायचास, म्हणजे सुधारायचास. माझी माणसं सारखी बोलायची. तू म्हणायचास, "तुझ्या टॉवरमध्ये जगबुडी आली तरी पहिल्यांदा मीटिंग होते." तू तीन पानं संवाद खोडून एक चित्र काढायचास: कोरड्या नळाखाली धरलेला मुलाचा हात. आणि तेच पुरायचं. मी चाळिशी ओलांडून शिकलो की कमी लिहायचं असतं. ते तू शिकवलंस.

पण गेटवरचा तो माणूस तू नेहमी पाठमोरा काढलास. तिसऱ्या भागात पाठमोरा, चौथ्यात पाठमोरा, सातव्यात फक्त किल्ल्या आणि मनगट. मला त्यात हायसं वाटायचं. मला वाटायचं, ती तुझी शैली आहे.

नवव्या भागात युद्ध व्हायचं होतं. सगळं तिकडेच चाललं होतं. टेकडीवरच्यांनी कोयते घासलेले, टॉवरवाल्यांनी गच्चीवर दगड चढवलेले. मी लढाई पुढे पुढे ढकलत होतो. आठव्या भागात मी तह लिहिला, तू तो मोडलास. नवव्यात मी एक साथ आणली, म्हणजे दोन्हीकडची माणसं आजारी पडतील आणि लढाई टळेल. तू कागद खाली ठेवलास. क्लासची मुलं गेली होती, क्लबहाउसमध्ये आपण दोघंच होतो.

"लढाई का टाळतोस?"

"मरतील रे सगळे. बाहेर मेलेले उभे आहेत आणि आत हे एकमेकांना मारणार. मग उरलं काय?"

"मलाही लढाई नको," तू म्हणालास. "पण गेटवर कोण होता ते टेकडीला कळलं नाही तर लढाई होणारच. त्यांना सगळा टॉवरच गेटवाला वाटतो. तू त्या माणसाला नाव दे. त्याला बांधावर आण. तो बोलू दे. मग बघू लढतात का."

"त्याला नाव कशाला? तो कुणीही असू शकतो. त्या जागी कोणीही तेच केलं असतं."

"कुणीही नसतो रे दळव्या. एकच असतो."

"तुला काय त्याला फासावर चढवायचंय?"

"मला त्याचं तोंड काढायचंय."

मी चिडलो. त्या दिवशी काय काय बोललो ते आठवून कानाला चटके बसतात. म्हणालो, तुम्हा गाववाल्यांना टॉवर डोळ्यांत खुपतो, म्हणून तुला आमच्यातला एक माणूस व्हिलन हवा आहे. म्हणालो, जमिनी विकल्या कोणी? आम्ही हिसकावून घेतल्या का? तू उठलास. ब्रशपेन खिशाला लावलंस. "मी व्हिलन नाही मागितला," असं म्हणालास, आणि जिन्यानं खाली निघून गेलास. क्लबहाउस पहिल्या मजल्यावर आहे. तुझी पावलं मी शेवटच्या पायरीपर्यंत ऐकत होतो. हाक मारायला भरपूर वेळ होता.

त्यानंतरचे चार महिने तू दर रविवारी क्लासला येत राहिलास आणि मी दर रविवारी घरात बसून राहिलो. तुझी स्कूटर गेटमधून आत येताना वरून दिसायची. क्लास सुटेपर्यंत मी भाजीलासुद्धा खाली उतरायचो नाही. क्लास सुटल्यावरही जिन्यात भेटशील म्हणून मी लिफ्टनंच जायचो, आणि लिफ्टमध्ये कोणी तुझं नाव काढलं तर मजल्यांचे आकडे बघायचो. अडकलेल्या माणसांची एवढी मोठी गोष्ट लिहिली, पण स्वतःच्या घरात असं अडकून पडणं काय असतं ते मला त्या रविवारांनी शिकवलं.

तुझ्या उत्तरकार्याला आलो. मंडपात शेवटच्या रांगेत बसलो. शेजारच्या म्हाताऱ्यांनी विचारलं, "तुमी कुठचे?" मी टॉवरकडे बोट केलं. ते म्हणाले, "आमचा हरेश जायचा तिकरं, शिकवाला," आणि मला जागा करून देण्यासाठी सरकून बसले. 

निघताना सुगंधा वहिनींनी हाक मारली. त्या रडत नव्हत्या. आतून एक प्लास्टिकची पिशवी आणून त्यांनी माझ्या हातात दिली. "भाऊ, तुमची पानं हायेत. नवव्या भागाची. ह्यांनी काढून ठेवली व्हती."

"आमचं भांडण झालं होतं वहिनी," मी म्हटलं.

"माहीत हाय मना."

"त्याला गेटवाल्याचं नाव हवं होतं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. आवाज अजिबात न चढवता म्हणाल्या, "नाव त्यांना माहीत व्हतं भाऊ. तुमच्या खालच्या बोर्डावर लिहिलेलं हाय. सेक्रेटरी म्हनून. गेटवर सेक्रेटरी व्हता एवढं चुलतभावानं सांगितलेलं. पहिल्या दिवशी शिकवाला गेले तवाच वाचून आले."

तो बोर्ड मी रोज बघतो. लॉबीत, लिफ्टच्या शेजारी. त्या वर्षानंतर कमिटी बदलली, पण बोर्ड कोणी बदलला नाही. तुला लिफ्ट नको असायची, म्हणून तू दर रविवारी त्या बोर्डासमोरूनच जिन्याकडे वळायचास. तू तो वाचत असशील असं मला एकदाही वाटलं नाही.

मी कसंबसं विचारलं, "मग तो माझ्याकडे आला कशाला? माझ्याबरोबर काम केलं कशाला?"

"आधी बघाला गेले व्हते, कसा मानूस हाय तो. मग मना म्हनाले, मानूस बरा हाय. सांगेल एक दिवस." वहिनींनी पदरानं पिशवीवरची धूळ पुसली. "तुमी तो गेटचा भाग लिहिलात ना, त्या दिवशी लय खूश व्हते. म्हनाले, आला जवळ. आता सांगेल."

म्हणजे पायरीवर बसून तू मला वडिलांची गोष्ट सहज सांगितली नव्हतीस. तू दार उघडून धरलं होतंस. मला फक्त आत यायचं होतं. आणि मी म्हणालो, सुचलं.

घरी येऊन पिशवी उघडली. सतरा पानं. लढाईची तयारी, कोयते, दगड, चिखलात हात हलवणारे उठलेले, बांधाच्या दोन्ही टोकांना उभी माणसं. इतकं सुंदर काम तू कधी केलं नव्हतंस. अठरावं पान कोरं. त्याच रात्री मी बसलो आणि त्या पानाचा मजकूर लिहिला. गेटवाल्याला माझं नाव दिलं, अकराव्या मजल्यावरचा फ्लॅट दिला, माझा चष्मा दिला. त्याला बांधाच्या मध्यावर आणून सगळं बोलायला लावलं. एका तासात लिहून झालं. जे मला दोन वर्षं जमलं नव्हतं ते एका तासात. मग वाचून पाहिलं आणि माझं मलाच कळलं की हे सोपं का गेलं. चित्र काढायला कोणी नव्हतं. वाचून 'कुठून आणलंस' म्हणायला कोणी नव्हतं. कागदावर मी कितीही खरं बोलू शकत होतो, त्यानं कोणाचंच काही बिघडणार नव्हतं, माझंही नाही.

मी तो कागद ड्रॉवरमध्ये ठेवला, मेधाला बोलावलं आणि तिला आधी सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "त्यांची आई आहे ना अजून?"

दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि सकाळी तुझ्या घरी गेलो. आये पडवीत बसली होती, सुपात सुका जवळा निवडत. वहिनींनी मला स्टूल दिलं. मी खालीच बसलो. आयेला कमी ऐकू येतं हे माहीत होतं, म्हणून मोठ्यानं बोलावं लागलं. असली गोष्ट मोठ्यानं, ओरडून सांगावी लागणं काय असतं, हरेश! शेजारच्या घरातली बाई दारात येऊन उभी राहिली.

"आये, पुराच्या दिवशी गेट मी बंद ठेवलं. किल्ल्या माझ्याकडे होत्या. मला उघडता आलं असतं."

तिचे हात थांबले नाहीत. जवळा निवडत राहिली. मग म्हणाली, "ज्याला सांगाचा व्हता त्याला नाय सांगला. आता मना सांगून काय करू मी?"

 मी बसून राहिलो. उठावं असंही वाटेना. जवळा निवडून झाल्यावर तिनं सूप बाजूला ठेवलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं.

"तू गेटच्या आत व्हतास ना?"

"हो."

"मी ट्रॉलीवर व्हती, वर. म्हशी वरडत व्हत्या. मना काय नाय ऐकू आला." ती जरा पुढे सरकली. "म्हातारा तुझ्याशी बोलत व्हता तीन तास. काय बोलं?"

हे मला कोणी विचारलं नव्हतं. तूही नाहीस. चुलतभाऊ ट्रॅक्टर धरून होता, तू पलीकडच्या आळीत होतास, वॉचमन नोकरी सोडून गेला. तुझ्या वडिलांचं त्या तीन तासांतलं बोलणं ऐकलेला माणूस इथं मी एकटाच उरलो होतो, आणि ते विसरावं म्हणून मी इतकी वर्षं खटपट करत होतो. विसरलो नव्हतो. शब्द न् शब्द होता.

मी तिला सांगितलं. आधी ते रागावले नव्हते. मला 'सायेब' म्हणत होते. म्हणाले, पानी उतरला का आम्ही आपले आपले जाऊ, तुमचा काय खाणार नाय. मग म्हणाले, म्हशी नको तर नको, त्यांना बाहेरच बांधतो. आणि शेवटी गेटच्या गजाला धरून म्हणाले, "मी पन नाय येत आत. मी हितंच उभा ऱ्हातो. म्हातारीला तेवरी घ्या. तिला पान्याचा भ्या हाय."

आयेनं ते ऐकलं. तिला वाटलं चुकीचं ऐकलं, म्हणून पुन्हा म्हणायला लावलं. मी पुन्हा म्हटलं.

"मना?" ती म्हणाली. "मना कवा पान्याचा भ्या? मी खाडीत पोहून मोठी झाली. भ्या त्याला व्हता. लगीन झाल्यापासून कोनाला बोलला नाय, होरीत बसला का माझा हात धरं." ती हसली, आणि हसता हसता तिचं तोंड वाकडं झालं. वहिनी धावत आल्या, तिला धरलं. तिनं त्यांना बाजूला केलं. "तीन तास पान्यात उभा व्हता," ती वहिनींना सांगायला लागली, जसं काही हे आजच घडलंय. "सुगंधा, तो पान्यात उभा व्हता."

मी माफी मागितली. तिनं ती ऐकली की नाही कोणास ठाऊक. माफ केलं असं ती म्हणाली नाही आणि मी त्याची वाट बघायला थांबलो नाही. चपला घालत होतो तेव्हा तिनं हाक मारली.

"उद्या ये."

मी वळलो.

"म्हातारा काय बोलं ते परत सांग. पहिल्यापासून सांग, गेटवर आला तवापासून."

मी दुसऱ्या दिवशी गेलो. तिच्याबरोबर आणखी दोन म्हाताऱ्या येऊन बसल्या होत्या. तिनं त्यांना माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं, "हा गेटवर व्हता," आणि मला म्हणाली, "हं. बोल."